संगणकाचा कारभारी

विंडोजवर चालणाऱ्या संगणकात आपली कागदपत्रे जेथे साठतात त्या जागेला 'सी' म्हणतात, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. मग 'ए' आणि 'बी' कोठे गेले? प्रश्न पोरकट वाटेल खरा. परंतु त्याचे उत्तर शोधू गेले की आपण थेट १९७४ सालात जाऊन पोहोचतो, आणि हे यंत्र सामान्य माणसाच्या घरात शिरले कसे याचा उलगडाही तेथेच होऊ लागतो.

त्या साली गॅरी किल्डॉल हे कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात अध्यापन करीत होते. इंटेल कंपनीची ८०८० ही चिप नुकतीच निघाली होती आणि माहिती साठवणारी आठ इंची फ्लॉपीही उपलब्ध होती; पण या दोघींची गाठ घालून देणारे कोणी नव्हते. किल्डॉल यांनी ते काम करणारी आज्ञावली लिहिली. तिचे नाव 'सीपी/एम'. जुन्या वाड्यातला कारभारी आठवा. कोणते धान्य कोणत्या पेवात आहे, हे तोच जाणे. ज्याला हवे त्याने त्याच्याकडे मागावे, स्वतः कोठारात शिरू नये. संगणकातील 'ऑपरेटिंग सिस्टिम' ही अशीच कारभारी असते. या कारभाऱ्याने फ्लॉपीच्या पहिल्या खणाला 'ए' म्हटले, दुसऱ्याला 'बी'. पुढे मोठी हार्ड डिस्क आली तेव्हा तिच्या वाट्याला 'सी' आले. फ्लॉपी कालबाह्य झाल्या; भाडेकरू गेले तरी खोल्यांचे क्रमांक मात्र तेच राहिले.

किल्डॉल यांची खरी करामत याच्या पुढची आहे. यंत्रायंत्रागणिक बदलणारा जेवढा भाग होता, तेवढा त्यांनी वेगळा काढून एका लहानशा तुकड्यात ठेवला. परिणाम असा झाला, की नवे यंत्र बनविणाऱ्याने तेवढा तुकडा लिहिला की बाकीचा सारा संसार आयता मिळे. तोपर्यंत एका बनावटीच्या यंत्रासाठी केलेली आज्ञावली दुसरीवर सहसा चालत नसे. आता एकदा लिहिलेला प्रोग्रॅम अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर चालू लागला. १९७८ साली आलेल्या 'वर्डस्टार'चेच पाहा. टाइपरायटरवर पानाच्या तळाशी एखादे वाक्य गळाल्याचे ध्यानात आले की पान काढून पुन्हा टंकलिखित करावे लागे, आणि कार्बनप्रती असतील तर त्यांचीही तीच गत. वर्डस्टारमध्ये वाक्य मध्ये घातले की खालचा मजकूर आपोआप सरके. मला वाटते, पडद्यावरच्या या सोयीने खाडाखोडीची लाज गेली, आणि लिहिणारा माणूस मोकळेपणाने बदल करू लागला.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला. त्याचा कारभारी मायक्रोसॉफ्टने पुरविला. तोही तिने सिएटलच्या एका लहान कंपनीकडून विकत घेतलेला, टिम पॅटर्सन यांनी लिहिलेला आणि वळणाने सीपी/एमसारखाच. 'डॉस' या नावाने तो प्रसिद्ध झाला. इतरांना तो विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे राखला होता. लवकरच कॉम्पॅकने आयबीएमच्या यंत्रातील मूळ सूचना नक्कल न करता स्वतः लिहून काढल्या आणि १९८३ पासून तसेच चालणारे यंत्र विकले. मागोमाग इतर आले, किमती उतरल्या. यंत्र कोणाकडूनही घ्या, कारभारी एकच! ग्राहक यंत्र बनविणाऱ्याच्या मुठीतून सुटला तो कारभाऱ्याच्या धन्याच्या मुठीत सापडला, ही गोष्ट त्या वेळी फारच थोड्यांच्या लक्षात आली.

हा कारभारी मोठा करड्या शिस्तीचा होता. काळ्या पडद्यावर आज्ञा बिनचूक टाइप केली तरच काम. एक अक्षर चुकले की नकार. फाइलचे नाव आठ अक्षरांत बसवायचे. 'लग्नपत्रिका' हे नाव रोमन लिपीत बारा अक्षरांचे, म्हणजे 'लग्नपत्'पाशीच थांबणे आले. १९८४ साली मॅकिन्टॉशने आज्ञांच्या जागी चित्रे आणि माउस आणले. १९९० च्या विंडोज ३.० बरोबर तर पत्त्यांचा 'सॉलिटेअर' डाव आला. तो खेळता खेळता अनेकांचा हात माउसवर बसला. कचेरीतला वेळ किती गेला, ते विचारू नये.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुण्यात घडली. १९८८ साली तेथे सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिचे 'जिस्ट' कार्ड यंत्रात बसविले की केवळ इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमांतूनही देवनागरी उमटे. युक्ती अशी, की अक्षरांच्या संकेतांसाठी असलेल्या २५६ जागांपैकी इंग्रजीच्या पहिल्या १२८ जागांना धक्का न लावता उरलेल्या जागांत भारतीय अक्षरे बसविली. डॉसला त्याचे सोयरसुतक नव्हते. पोत्यात ज्वारी आहे की गहू, हे कारभारी पाहत नसे. तो पोती मोजून जागच्या जागी ठेवी. त्याच्या या उदासीनतेनेच मराठीला वाट मिळाली.

नावाच्या आठ अक्षरांची अट १९९५ च्या विंडोजने काढून टाकली. पुढे विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय कारभाऱ्याच्याच अंगी आली आणि फाइलवर 'लग्नपत्रिका' हे नाव पुरते, आपल्या लिपीत लिहिता येऊ लागले. ती ठेवायची मात्र 'सी'मध्येच.