डबा उघडण्याआधी

आमच्या न्यू जर्सीत दिवाळी येते तेव्हा स्ट्राइप्ड बास दक्षिणेकडे निघालेला असतो. उन्हाळा न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर काढून परतताना तो आयलंड बीचच्या पुळणीशी, अगदी फुटणाऱ्या लाटांत, चरायला थांबतो. अंगावर सात-आठ काळ्या आडव्या रेघा असलेला हा मासा मला जिताड्याची आठवण करून देतो. फरक असा की जिताडा अंडी घालायला खाडीच्या खाऱ्या तोंडाकडे उतरतो, तर हा वसंतात चेसापीक, हडसनच्या गोड्या पाण्यात चढतो.

फराळाची ताटं आवरली की मी गरवायला जातो. कोकणात लहानपणी गरी आणि तिला लावलेली कोळंबी एवढंच सामान असे. इथे लांब काठी, रीळ आणि लाकूड, शिसं, प्लॅस्टिकच्या नकली आमिषांनी भरलेला डबा. या डब्याने मला बरीच वर्षं फसवलं.

एका नोव्हेंबरच्या संध्याकाळी समोर मासे पाणी उडवत होते. पृष्ठभागावर थुईथुई नाचणाऱ्या माझ्या पॉपरमागे उसळत, पण तोंडात धरत नसत. पांढरा झाला, पिवळा झाला, मग निळा. तासाभरात मी सात आमिषं बदलली. शेजारच्या म्हाताऱ्याने तेवढ्यात एकाच आमिषावर तीन मासे काढले. त्याचं आमिष म्हणजे साधं बकटेल, शिशाच्या डोक्याला हरणाच्या शेपटीचे केस बांधलेलं. तसंच माझ्याही डब्यात पडून होतं. "दिसतात ते थोडे," तो म्हणाला, "बाकीचे खाली उभे आहेत."

ते खाली का उभे असतात, हे ओहोटीच्या वेळी पुळण पाहिली की कळतं. किनाऱ्याला समांतर एक वाळूचा दांडा असतो आणि दांडा व काठ यांच्यामध्ये खोलगट पन्हळ. लाट दांड्यावर फुटते, तिथले लहान मासे गडबडून पन्हळीत फेकले जातात आणि बास तिथेच तोंड वासून असतो. म्हणून आमिष बदलताना मी आता पहिला प्रश्न खोलीचा विचारतो. पॉपर वर, मासोळीच्या आकाराचं पोहणारं आमिष मध्ये, बकटेल तळाशी. दुसरा प्रश्न वेगाचा, आणि त्यासाठी डबा उघडावाही लागत नाही. रीळ सावकाश फिरवलं तरी पुष्कळदा काम होतं. मग आकार. बास वाळूत दडणाऱ्या करंगळीएवढ्या सँड ईल खात असेल तर सडपातळ आमिष हवं. तारलीच्या जातकुळीतल्या बंकरचे थवे आले असतील तर वीतभर लांब आणि पोटाने रुंद. रंग सर्वांत शेवटी. दुकानदार मात्र उलट क्रमाने विकतो! रात्री तर मी काळंच बांधतो, कारण खालून पाहणाऱ्या माशाला आकाशापुढे काळी आकृतीच स्पष्ट दिसते.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मात्र कटाक्षाने. खोली, वेग आणि रंग एकदम बदलून मासा लागला, तर कशामुळे लागला ते कळत नाही आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

शेवटचा बदल मी माशासाठी केला. २०२३ पासून समुद्रावर हौशी माणसाला २८ ते ३१ इंच लांबीचा एकच बास दिवसाला ठेवता येतो, लहान-मोठा सोडायचा. कारण उघड आहे. मेरिलंडच्या नद्यांत पिल्लांची संख्या २०१९ पासून दरवर्षी सरासरीखाली आहे. त्याच हंगामात माझ्या आमिषाचे तीन-तीन टोकांचे दोन गळ एका मोठ्या मादीच्या कल्ल्यात अडकले. ते सोडवेपर्यंत फार वेळ गेला. पाण्यात सोडली तेव्हा ती पोट वर करून लाटेबरोबर परत आली. दोनदा.

घरी येऊन मी सगळे गळ काढले, पुढे एकेक साधा बसवला आणि त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला. मागचा गळ काढल्यावर लाकडी आमिष पाण्यात वाकडं पोहतं. तिथे केसांचा झुपका बांधला की पुन्हा सरळ होतं.