पिकाची राखण व दुर्बिणीची निवड

शाळू हुरड्यास आला कीं आमच्या कवठे महांकाळ तालुक्यांत राखणीची काळजी लागते. मग बंदुकीवर दुर्बीण बसवावी काय, असा प्रश्न निघतो. 1959 च्या शस्त्र कायद्यांत पीकसंरक्षणार्थ सांगितलेली बंदूक ठासणीची होय. तिचा पल्ला थोडा. तीवर दुर्बीण हा व्यर्थ खर्च. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें लेखी परवानगीवांचून रानडुकराची शिकार हा गुन्हा आहे.

सबब हातांत धरावयाची, दोन डोळ्यांची दुर्बीण घ्यावी. 8×42 म्हणजे आठपट दर्शन व पुढील कांच 42 मिलिमीटर. 42 स 8 नें भागितलें असतां सव्वापांच येतात; तितक्या मिलिमीटर रुंदीचा प्रकाश डोळ्यास मिळतो. अंधारांत तरुणाची बाहुली सुमारें 7 मिलिमीटर उघडते, उतारवयांत त्याहून कमी. म्हणून हें माप पुरे. 12×25 मध्यें तोच भागाकार जेमतेम 2 येतो, व हातही हालतो. ती सांजवेळीं कुचकामी.

मुख्य गोष्ट ही कीं, बंदुकीवरील दुर्बिणीतून पाहावयाचें तर नळी तिकडे रोखावी लागते. आणि शाळूंत हालणारा कदाचित् शेजाऱ्याचा गडीही असेल. नळी रोखून ओळख पटविणें सुज्ञ शेतकऱ्यानें कधींही करूं नये.