सह्याद्रीची माती : शिल्लक थोडी, उलाढाल मोठी

बहारीनला पाहुणे आले की आपण त्यांना एकदा तरी दक्षिणेकडे नेतोच. वाळवंट, १९३२ साली तेल लागलेली ती पहिली विहीर आणि शेजारचा जबल अद दुखान. 'दुखान' म्हणजे धूर. धुराचा डोंगर म्हटल्यावर पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला, "इथे ज्वालामुखी होता का हो?" तर नाही. दमट हवेत या डोंगराभोवती धुरकट दिसतं म्हणून हे नाव. डोंगर आहे चुनखडीचा, म्हणजे समुद्राच्या तळाशी साठलेल्या गाळाचा. ज्वालामुखीचा खरा मुलूख बघायचा तर पाहुण्यांनी आपल्या गावीच परत जावं! पुणे, सातारा, नाशिक, कोल्हापूर... आपण जिथून आलो तो बहुतेक प्रदेश लाव्हाच्या थरांवर वसलेला आहे.

यंदाच्या स्मरणिकेतून जमणारा निधी घाटमाथ्यावरच्या वाडीत झाडं लावायला आणि दगडी बांध घालायला जाणार आहे. हे कळल्यावर काही मंडळींनी विचारलं, "सह्याद्रीत एवढा पाऊस, एवढी हिरवळ. तिथली माती वाचवायला पैसे कशाला?" प्रश्न रास्त आहे. आम्ही इंजिनिअरिंग करून कॉम्प्युटरपुढे बसणारे, भूशास्त्र हा काही आमचा विषय नव्हे. पण डोंगरात भटकायची हौस आणि वाचायची खोड यांतून जे उमगलं, ते सोप्या भाषेत मांडतो.

डोंगरावर माती येते कुठून?

माती मुळात खडकाचीच होते. पण जगातल्या काही डोंगरांना तयार मालाची मदत मिळते. ही मदत दोन प्रकारची, राखेची आणि बर्फाची.

आधी राख. पाण्यात खडीसाखर टाका आणि पिठीसाखर टाका. आधी काय विरघळेल? ज्वालामुखीची राख ही निसर्गाची पिठीसाखर. तिचे बारीक काचेसारखे कण ऊनपावसात भराभर बदलतात आणि त्यातून हलकी, भुसभुशीत, स्पंजासारखं पाणी धरणारी माती तयार होते. जपानमध्ये अशी माती काळीभोर दिसते. जपानी भाषेतल्या 'काळी माती' या अर्थाच्या शब्दांवरूनच शास्त्रज्ञांनी तिला 'अँडोसॉल' असं नाव दिलं. जावा बेटावर शेती आणि वस्ती इतकी दाट आहे, त्यामागेही ज्वालामुखीच्या मातीचा मोठा वाटा आहे. या मातीत एक खोड मात्र असते. ती फॉस्फरस घट्ट धरून बसते, झाडाला सहज देत नाही.

आता बर्फ. हिमनदी म्हणजे एक अजस्र जातं. डोंगर खरवडत, दगड भरडत ती पुढे सरकते आणि वितळली की मागे गोटे, वाळू आणि पिठासारखा बारीक चुरा टाकून जाते. हा ताजा दळलेला खडक, त्यामुळे त्यातली खनिजं अजून धुऊन गेलेली नसतात.

अमेरिकेच्या वायव्य भागात, म्हणजे सिएटलकडे राहणाऱ्या आपल्या मित्रांच्या परिसरात, या दोन्ही गोष्टी एकत्र बघायला मिळतात. तिथे हिमयुगातल्या हिमनद्यांनी डोंगरांवर भरड पसरून ठेवली. पुढे सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी ओरेगनमधला माझामा नावाचा ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख पार कॅनडापर्यंत जाऊन पडली. आज वॉशिंग्टन आणि आयडाहोच्या कितीतरी डोंगरी जंगलांत वर राखेचा थर आणि खाली हिमनदीची भरड अशी जमीन आहे. उन्हाळा तिथे कोरडा असतो, पण राखेत मुरलेल्या ओलाव्यावर झाडं तग धरतात.

मग आपल्याकडे?

महाराष्ट्रात राख आणि बर्फ कधी आलेच नाहीत असं नाही, बरं का! पुणे जिल्ह्यात कुकडी नदीच्या काठी बोरी नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडतो. ही राख सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची, म्हणजे समुद्र ओलांडून आलेली. तोबाच्या नेमक्या कोणत्या उद्रेकातली, यावर अभ्यासकांत वाद आहे. आणि विदर्भात चंद्रपूरजवळ इरईला हिमनदीने खरवडलेला खडक आहे. वर्धा-गोदावरीच्या खोऱ्यातल्या त्या खुणा जवळपास ३० कोटी वर्षांपूर्वीच्या. चंद्रपूरच्या मे महिन्याचा अनुभव असलेल्यांना हे खरं वाटणार नाही, पण तेव्हा भारत दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता.

पण बोरीची राख नदीच्या गाळात दडलेली आणि इरईचा बर्फ अतिप्राचीन. सह्याद्रीच्या जंगलाला या दोघांचाही काही उपयोग नाही. सह्याद्रीचं भांडवल एकच, बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे पूर थरावर थर आले आणि घाटाच्या भागात त्यांची जाडी काही ठिकाणी दोन हजार मीटरच्या घरात गेली. आज जबल अद दुखानवर जो चुनखडीचा खडक दिसतो, त्याहूनही हा लाव्हा जुना आहे. त्यानंतर सह्याद्रीवर ना राखेची नवी चादर पडली, ना हिमनदीने ताजी भरड आणून टाकली. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ६.६ कोटी वर्षांत खात्यात मोठा भरणा झालेलाच नाही.

पाऊस देतो आणि पाऊसच नेतो

बेसॉल्ट कातळ भेगांतून कुजत जातो. आधी कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, मग मुरूम होतो, मग माती. देशावर पाऊस कमी, त्यामुळे तिथे चुन्यासारखी द्रव्यं जमिनीतच राहिली आणि आपली कसदार काळी जमीन तयार झाली. घाटमाथ्यावर गोष्ट उलटी. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या बहारीनला सरासरीने शंभर मिलिमीटरही होत नाही! एवढं पाणी लाखो वर्षं जमिनीतून झिरपलं की कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम सगळं धुऊन जातं. उरतं ते लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम. म्हणून माती तांबडी. ही क्रिया टोकाला गेली की होतो जांभा. कोकणातल्या घरांचे चिरे याचेच आणि पाचगणीच्या टेबललँडचं छप्परही याचंच.

ही जमीन किती गरीब आहे ते कासच्या पठारावर कळतं. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कास आहे. फुलांचे गालिचे बघायला आपण तिथे जातो, पण खाली जांभ्याच्या कातळावर माती कुठे कुठे बोटभरच असते. नत्र इतकं तुटपुंजं की दवबिंदू आणि सीतेची आसवं यांसारख्या वनस्पती चक्क किडे पकडून आपली गरज भागवतात.

मग अशा जमिनीवर भीमाशंकर, कोयनेसारखी घनदाट अरण्यं उभी कशी? उत्तर पायाखालीच आहे, पालापाचोळ्यात. पान गळतं, वाळवी, गांडुळं आणि बुरशी ते कुजवतात आणि वरवर पसरलेली मुळं तो कस लगेच उचलून पुन्हा पानात नेतात. म्हणजे खात्यात शिल्लक थोडी, पण उलाढाल मोठी. जंगल तोडलं की उलाढाल थांबते आणि चार पावसाळ्यांत शिल्लकही वाहून जाते. मग उघडा पडतो तो कातळ. तिथे पुन्हा माती धरायला शेकडो वर्षं लागतात.

आपल्या जुन्या लोकांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. देवराईतलं झाड तोडायचं नाही, पुष्कळ ठिकाणी तर पाचोळाही उचलायचा नाही, हा दंडक त्यातलाच. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास मांडला. दुसरी गोष्ट राबाची. भात किंवा नाचणीची रोपं टाकण्याआधी शेतकरी फांद्या, पाला, शेण पसरून जाळतो. ज्वालामुखी राख देत नाही, तर माणसाने आपल्या वाफ्यापुरती राख केली! पण फांद्या दरवर्षी त्याच झाडांच्या ओरबाडल्या तर जंगलाचा कस वाफ्यात येतो आणि डोंगर उघडा पडतो. जंगल भरपूर होतं तोवर हा हिशेब जमला. आता जमत नाही.

माती सुटते तेव्हा

३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं. दीडशेहून अधिक माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाडजवळ तळीये. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. इथे बहारीनमध्ये टीव्हीसमोर बसून आपण या बातम्या बघितल्या आणि गावाकडचे फोन लागेनात तेव्हा जीव टांगणीला लागला, हे विसरता येत नाही.

होतं काय, तर उतारावर वर माती आणि मुरूम असतो, खाली टणक कातळ. दोन-तीन दिवस मुसळधार पडलं की वरचा थर पाण्याने फुगतो, जड होतो. कातळ पाणी आत घेत नाही, त्यामुळे दोन्हींच्या सांध्यावर पाण्याचा दाब वाढतो आणि अख्खा थर निसटतो. झाडांची मुळं वरचा थर शिवून ठेवतात, हे खरं. पण झाडं असली की दरड कोसळतच नाही, असं मात्र समजू नये. उतार तीव्र आणि पाऊस अफाट असेल तर जंगलाचा उतारही सुटतो. रस्त्यासाठी, सपाटीकरणासाठी पायथा खणला की धोका वाढतो.

म्हणून काम करतानाही तारतम्य हवं. माथ्यावर आणि मंद उतारावर स्थानिक झाडं, पाचोळा न जाळणं, दगडी ताली, हे सगळं हिताचं. पण वस्तीच्या वरच्या तीव्र उतारावर चर खणून पाणी मुरवणं अंगाशी येऊ शकतं. तिथे पाण्याला सुरक्षित वाट काढून द्यावी लागते.

एक काम मात्र आपण इथे बसूनही करू शकतो. पावसाळ्यात गावी फोन कराल तेव्हा ख्यालीखुशालीसोबत एवढं विचारा. डोंगराला किंवा अंगणाला नवी भेग पडली आहे का? झाडं, विजेचे खांब कलले आहेत का? झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालंय का, की अचानक आटलंय? दारं-खिडक्या घट्ट बसायला लागल्या आहेत का? यातलं काहीही असेल आणि पाऊस थांबत नसेल, तर आई-वडिलांना म्हणावं, सामानाचा विचार करू नका, आधी घर सोडा आणि तलाठी, सरपंचांना कळवा.

बाल्कनीतल्या तुळशीसाठी आपण नर्सरीतून पिशवीभर माती आणतो, दोन-तीन वर्षांनी बदलतोही. डोंगराची माती कुठल्याच दुकानात मिळत नाही. आहे तेवढीच राखायची, पुढच्या पिढीला तेवढीच द्यायची. मंडळाच्या पावतीपुस्तकावर आपला आकडा लिहिताना एवढं ध्यानात असू द्या. रक्कम लहान असली तरी चालेल. उतारावरची एक ताल चार दगडांपासूनच सुरू होते.