घरच्या घरीं विमानाचें सुकाणूं

मुलांच्या खेळाविषयीं आपल्या घरांत दोन मतें नेहमीं ऐकूं येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, पडद्यासमोर बसून डोळे आणि वेळ दोन्ही फुकट जातात. मुलें म्हणतात, सारें जग हेंच खेळतें. या वादांत आम्ही कोणाचाच पक्ष घेऊं इच्छीत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, खेळाचें साधन विकत आणणें आणि तें स्वतः घडविणें यांत महदंतर आहे. पडद्यावरील विमान चालविण्याचें तयार सुकाणूं आणूं गेल्यास पंधरा-वीस हजार रुपये सहज पडतात. तेंच सुकाणूं जालन्यासारख्या गांवीं सुमारें दोन हजारांत घरीं करतां येतें.

करमणूक आणि विद्या यांची या बाबतींत पहिल्यापासूनच सोबत आहे. अमेरिकेंत बिंगहॅम्टन येथें एडविन लिंक याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. लिंकला उड्डाणाचें वेड होतें. पण तें शिक्षण फार महाग. तेव्हां ऑर्गनचे भाते, झडपा आणि हवेच्या नळ्या जुळवून त्यानें १९२९ सालीं जमिनीवरच डोलणारें व वळणारें एक ठेंगणें विमान तयार केलें. ज्यानें घरची पेटी उघडून तिचा भाता पाहिला आहे, त्याला ही युक्ति समजावून सांगावयास नको. १९३१ सालीं मिळालेल्या पेटंटांत हें यंत्र शिक्षणाचें आणि करमणुकीचें अशा दोन्ही नात्यांनीं नोंदलेलें आहे, आणि आरंभीं तें करमणुकीच्या बागांतच अधिक खपलें. १९३४ सालीं टपाल नेणारे लष्करी वैमानिक खराब हवेंत मृत्युमुखीं पडूं लागले, तेव्हां अमेरिकन सैन्यानें अशीं सहा यंत्रें घेतलीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत त्यांची संख्या दहा हजारांवर गेली. पुढें १९८३ सालीं आटारी कंपनीनें ‘स्टार वॉर्स’ या नाण्यावर चालणाऱ्या खेळाला दोन मुठींचें सुकाणूं बसविलें. आम्ही येथें सांगतों तें त्याच धर्तीचें आहे.

जालना हें पोलादाच्या गजांचें आणि बियाण्यांचें शहर. लोखंड कापणारा, भोंकें पाडणारा कारागीर येथें शोधावा लागत नाहीं. साहित्य असें : बारा मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचे तुकडे, आठ मिलिमीटर जाडीचे दोन गज, चाकांच्या बुटांत असतात तशीं ‘६०८’ क्रमांकाचीं चार बेअरिंगें, मुठींसाठीं प्लॅस्टिकच्या नळाचे दोन तुकडे, सायकलची जुनी ट्यूब, दोन-चार बटनें, रेडिओचा आवाज कमी-जास्त करण्याच्या खुंटीसारखे दोन ‘पोटेन्शिओमीटर’, आणि ‘एटीमेगा ३२यू४’ या चिपेचा एक लहान आर्डुइनो-बोर्ड. पोटेन्शिओमीटर दहा किलो-ओहमचे व ‘लिनिअर’ जातीचेच मागावे. केवळ आवाजासाठीं केलेल्या खुंटीचा रोध फिरविण्याच्या प्रमाणांत सारखा बदलत नाहीं. तिच्यावर विमान एकीकडे मंद आणि दुसरीकडे उतावीळ वळेल.

रचना सोपी आहे. प्लायवुडची पेटी करून तिच्या पुढील व मागील फळींत बाविस मिलिमीटरचें एकेक भोंक पाडावें व त्यांत बेअरिंग ठोकून लांब गज ओंवावा. गजाच्या पुढच्या टोकाला तीन फळ्यांची चौकट घट्ट बसवावी. तिचे दोन्ही हात खेळणाऱ्याकडे यावेत. या हातांमध्यें उरलेल्या बेअरिंगांवर दुसरा गज आडवा ठेवावा व त्याच्यावर दोन मुठी उभ्या आवळाव्या. सबंध चौकट फिरविली कीं विमान डावी-उजवीकडे कलतें. मुठी मागें-पुढें झुकविल्या कीं नाक वर किंवा खालीं जातें. प्रत्येक गजाच्या एका टोकाशीं पोटेन्शिओमीटर आवळून दोहोंचे दांडे मोटारसायकलच्या पेट्रोल-नळीच्या तुकड्यानें जोडावे. नळी थोडी लवत असल्यामुळें जोडणींतील बारीक वांकडेपणा खपून जातो.

दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावें. सुकाणूं ४५ अंशांपलीकडे फिरूं नये म्हणून दोन्ही बाजूंस बोल्टाची अडवणूक हवी, आणि पोटेन्शिओमीटर आधीं बरोबर मध्यावर आणून मगच जोडावा. नाहीं तर हाताच्या जोरानें त्याचा आंतील पट्टा तुटेल. मुठी सोडतांच सुकाणूं मध्यावर यावें यासाठीं ट्यूबच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या दोहों बाजूंनीं सारख्याच ताणानें बांधाव्या.

पोटेन्शिओमीटरच्या कडेच्या दोन टोकांना बोर्डाचे पांच व्होल्ट आणि ‘ग्राउंड’ द्यावे, मधलें टोंक वाचनाच्या पिनेला न्यावें. बोर्ड त्या दाबाला ० पासून १०२३ पर्यंत अंक देतो. पोटेन्शिओमीटर सुमारें २७० ते ३०० अंश फिरतो आणि आपण वापरतों ९० च. म्हणून हातीं येतात सुमारें ३०० ते ३४० पायऱ्या. प्रोग्रॅममध्यें त्या पूर्ण पट्ट्यावर ताणून घ्याव्या आणि मध्याजवळच्या थोड्या अंकांकडे दुर्लक्ष करावें, म्हणजे सरळ जाणारें विमान उगाच थरथरणार नाहीं. संगणक या बोर्डाला साधी जॉयस्टिक म्हणून ओळखतो. फ्लाइटगिअर हा उड्डाणाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्यावर परीक्षा घ्यावी.

पांच व्होल्टांत भय नाहीं. डाख देण्याची सळई मात्र तापलेली असते. लहानांनीं ती मोठ्यांच्या देखतच हातीं घ्यावी. काम वांटून दिल्यास उत्तम. आजोबांनीं फळी आंखावी, काकूंनीं ट्यूबचा ताण मोजावा, मोठ्या मुलीनें डाख द्यावा, धाकट्यानें अंक वाचावे. पुस्तकांतील ओहमचा नियम आणि कोनांचें गणित त्या दिवशीं प्रथमच हाताला लागतें. आणि हें काम मुलांचें व मुलींनीं पाहावें, असा भेद घरांत ठेवूं नये.

या सुकाणूनें कोणी वैमानिक होत नाहीं; परवान्यासाठीं लागणाऱ्या तासांत येथला एकहि तास धरला जात नाहीं, हें मुलांना स्पष्ट सांगावें. परंतु उड्डाणविद्येला लाखों रुपये लागतात, आणि ओढ खरी कीं दों दिवसांची हें पारखण्याचें साधन तालुक्याच्या गांवीं सहसा नसतें. छत्रपति संभाजीनगरचें चिकलठाणा विमानतळ जालना रस्त्यावरच आहे. आपल्या मुलांना तेथील विमान बहुधा कुंपणाबाहेरूनच दिसतें. कॅप्टन अमोल यादव यांनीं कांदिवली येथें राहत्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलें आणि २०१६ सालीं मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनांत तें लोकांस दाखविलें. प्रत्येक घरांतून असे यादव निघतील असें नव्हे. पण तुटलेली वस्तु टाकण्यापूर्वीं उघडून पाहावी, आणि महाग वस्तु मागण्यापूर्वीं ती करून पाहावी, ही संवय एकदां जडली कीं ती सुकाणूपाशीं थांबत नाहीं. येत्या सुटींत आमच्या वाचकांनीं घरांतील एका खोलीचा एक कोपरा या कामासाठीं मोकळा करून द्यावा, एवढीच आमची विनंति आहे.