मालवीचे कूळ कोणते?

भाषांचे वर्गीकरण मुख्यतः दोन अंगांनी होते. एक रचनेवरून: मराठी, तेलुगू आणि जपानी या तिन्हींत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, म्हणून त्या एका गटात बसतात. पण तेवढ्याने त्यांचे नाते सिद्ध होत नाही. नाते ठरते वंशावरून. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असे विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यात मांडले आणि या अभ्यासाला मोठी चालना मिळाली. उसने शब्द फसवतात. म्हणून अभ्यासक संख्यावाचक, नात्यांचे आणि अवयवांचे शब्द घेऊन नियमित ध्वनिबदल शोधतात. संस्कृतातल्या 'प'च्या जागी इंग्रजीत 'फ' येतो: पितृ-फादर, पाद-फूट.

आता मालवीकडे वळू. इंदूर जिल्ह्यातले गौतमपुरा मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाचे. होळकरांबरोबर माळव्यात मराठी आली, तरी या भागाची बोली मालवीच राहिली. तिच्यातले 'म्हारो', 'थारो' मारवाडीत तसेच आहेत, गुजरातीत 'मारो', 'तारो' होतात. हिंदीत मात्र 'मेरा', 'तेरा'. ग्रियर्सन यांनी आपल्या भाषा-सर्वेक्षणात मालवी राजस्थानीत घातली. अर्थात एकाच खुणेवर विसंबता येत नाही. 'घोडा' हे रूप मराठी-हिंदीत आकारान्त, गुजराती-मालवीत 'घोडो'. पण नपुंसकलिंग मराठी आणि गुजरातीने राखले, हिंदीने सोडले.

नर्मदा ओलांडून सातपुड्यात गेले की कुळेच बदलतात. कोरकूतले 'मिया, बारी' (एक, दोन) संथाळीतल्या 'मित्, बार'शी जुळतात, कारण दोन्ही मुंडा भाषा. गोंडीतले 'रंड, मुंड, नालुंग' (दोन, तीन, चार) तेलुगूच्या 'रेंडु, मूडु, नालुगु'जवळचे, म्हणून ती द्राविडी. भिल्ल आदिवासी असले तरी भिली मात्र भारतीय-आर्य आहे. समाज आणि भाषाकुळ यांची सांगड घालण्याची चूक नेहमी होते, ती टाळलीच पाहिजे. बुलढाण्याच्या जळगाव जामोद परिसरातली निहाली तर कोणत्याच कुळात निश्चित बसलेली नाही.

सरकारी नोंद वेगळ्याच हिशेबाने चालते. २०११ च्या जनगणनेत मालवीचे ५२ लाखांहून अधिक भाषक हिंदीच्या एकूण आकड्यात मिळवले आहेत. भाषाशास्त्राचा आधार पाहता हे पटणारे नाही. ग्रियर्सन यांनी मराठीची बोली मानलेली कोकणी १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. मालवी अजून तिथे नाही.