मूल घराचे, राखण गावाची

मुलाला मारणे ही आपल्या समाजात अजूनही घरगुती बाब समजली जाते. शेजारच्या घरातून पोराचा आक्रोश ऐकू आला, तर आपण खिडकी लावून घेतो. फार तर ‘बाप जरा तापट आहे’ एवढे म्हणून मोकळे होतो. त्याच शेजाऱ्याच्या गोठ्याला आग लागली, तर मात्र सारे गाव घागरी घेऊन धावते. गोठा वाचविणे हे सार्वजनिक कर्तव्य आणि मूल वाचविणे हा दुसऱ्याच्या संसारात केलेला हस्तक्षेप, अशी ही चमत्कारिक नीती आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी करून २००७ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात तीन मुलांपैकी दोघांना मारहाण सोसावी लागते असे आढळले. घरात मार खाणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांच्या बाबतीत मारणारे हात आईबापांचेच होते.

कायद्यांची उणीव आहे असे कोणी म्हणू नये. बालविवाह प्रतिबंधाचा कायदा २००६ मध्ये झाला. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेतील छडीला बंदी घातली. लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणारा कायदा २०१२ चा, तर मुलांवरील क्रौर्य हा गुन्हा ठरविणारा सध्याचा बालन्याय कायदा २०१५ चा. परंतु कायद्याचा स्वभावच असा आहे, की तो घटना घडल्यावर येतो. मूल उपाशी, भेदरलेले किंवा जखमी होण्यापूर्वी त्या घराच्या दारात कोण उभे राहणार, हा प्रश्न कलमांनी सुटत नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मागास म्हणून ज्यांचा उल्लेख करण्याची आपल्याला सवय झाली आहे, त्या चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यप्रदेशांतच त्या उत्तराचे बरेचसे धागे सापडतात.

दारात आलेली बाई

चंद्रपूरचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर काही वर्षांतच डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथे ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. नवजात बालकांचे मृत्यू रोखण्यासाठी त्यांनी जो प्रयोग केला, त्यात मोठी यंत्रे नव्हती. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या स्त्रीला शिक्षण देऊन तिला ‘आरोग्यदूत’ केले गेले. ती गरोदर बाईला भेटे, बाळंतपणाला हजर राही आणि पुढे पुन्हा पुन्हा घरी जाऊन बाळाचे वजन, श्वास, अंगाची ऊब व दूध पिणे तपाशी. ३९ गावांत हे काम झाले आणि ४७ गावे तुलनेसाठी घेतली गेली. तिसऱ्या वर्षी या ३९ गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेने सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ही हकीकत जगापुढे ठेवली. २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या याच धर्तीवर बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत सहा-सात वेळा जातात. २०१८ पासून मूल सव्वा वर्षाचे होईपर्यंतच्या आणखी पाच भेटी त्यांच्या कामात जोडल्या गेल्या आहेत.

या प्रयोगाचा विचार आपण केवळ आरोग्याच्या अंगाने करतो. वस्तुतः त्याला दुसरेही अंग आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा या गावी १९७० च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड ओल्ड्‌स या संशोधकाने असाच गृहभेटींचा उपक्रम हाती घेतला. तरुण, गरीब, पुष्कळदा एकट्या असलेल्या मातांकडे परिचारिका गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत जात. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता, की या घरांत मुलांच्या छळाच्या व हेळसांडीच्या नोंदी इतरांच्या मानाने जवळजवळ निम्म्या झाल्या. त्या परिचारिका काही पहाऱ्यावर नव्हत्या. त्या मदतीला जात होत्या. ज्या आईला विचारणारे कोणी असते, तिचा हात मुलावर सहसा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु याच अभ्यासाचा पुढचा भाग अधिक विचार करायला लावणारा आहे. ज्या घरांत नवराबायकोंमधील मारहाण वारंवार होत होती, तेथे या भेटींचा हा गुण ओसरलेला आढळला. म्हणजे दारात येणारी बाई कितीही मायाळू असली, तरी घरात हिंसा नांदत असेल तर तिचे बळ अपुरे पडते. अशा घरासाठी एकट्या बाईच्या नव्हे, साऱ्या गावाच्या बळाची गरज असते.

दारू आणि घर

हे बळ उभे करण्याचा प्रयत्न या दोन जिल्ह्यांतील स्त्रियांनी केला आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस गडचिरोलीत दारूमुक्तीचे आंदोलन सुरू झाले. गावागावांतून ठराव झाले आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी अमलात आली. चंद्रपुरात ‘श्रमिक एल्गार’ या संघटनेने ॲड. पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली हाच प्रश्न हाती घेतला. २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनापर्यंत हजारो स्त्रिया पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून तेथे बंदी लागू झाली. पुढे अवैध विक्री वाढल्याचे आणि महसूल बुडाल्याचे कारण देऊन राज्य सरकारने मे २०२१ मध्ये ती उठविली.

दारूबंदी यशस्वी होते की नाही, यावर मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक असू शकतात. बंदी असूनही दारू मिळते, हे गडचिरोलीतील स्त्रियांइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? मोहाच्या दारूला गोंड-माडिया समाजाच्या देवकार्यात स्थान आहे, हेही विसरता येत नाही. तथापि वाद घालणारे एक गोष्ट नजरेआड करतात. चिमूरहून निघालेल्या स्त्रियांनी महसुलाचे गणित मांडले नव्हते. संध्याकाळी घरी येणारा माणूस शुद्धीवर असावा, मजुरीचे पैसे चुलीपर्यंत पोहोचावेत आणि पोरांनी पांघरुणात तोंड लपवून झोपू नये, एवढीच त्यांची मागणी होती. मुलांच्या संरक्षणाची याहून मोठी लोकचळवळ महाराष्ट्रात क्वचितच झाली असेल. आपण मात्र तिची नोंद अबकारी खात्याच्या सदरात केली.

गाव नेहमी शहाणे असते काय?

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. गावावर एवढा भरवसा ठेवावा काय? गाव म्हणजे दया आणि सहकार्य यांचाच संच नव्हे. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्रीपुरुषांना भर चौकात बांधून मारण्यात आले. मारणारे गावकरीच होते आणि पाहणारेही गावकरीच होते. मुलीवर अत्याचार झाला, की ‘गावातच मिटवून टाकू’ म्हणणारी मंडळी कोठल्याही जिल्ह्यात भेटतात. असे मिटविणे म्हणजे मुलीला दुसऱ्यांदा शिक्षा करणे होय.

याच मुलखात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे छोटे गावही आहे. तेथील ग्रामसभेत स्त्रियांसह सर्वांनी बसायचे आणि सर्वसहमती होईपर्यंत बोलत राहायचे, अशी रीत देवाजी तोफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजविली. दारूचा प्रश्न त्यांनी असाच हाताळला. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क या गावाला मिळाला. वणी आणि मेंढा यांतील फरक मनुष्यस्वभावाचा नाही. एका ठिकाणी जमाव होता, दुसऱ्या ठिकाणी सभा आहे. जमावात ज्याचा आवाज मोठा त्याचे चालते; सभेत विधवेला आणि सुनेलाही बोलता येते. म्हणून मुलांची राखण गावाकडे सोपवायची ती सभेकडे सोपविली पाहिजे, आणि जेथे गुन्हा घडला आहे तेथे सभेचे काम पोलिसांकडे जाण्याचे आहे, निवाडा करण्याचे नाही, ही मर्यादा पक्की ठेवली पाहिजे.

यासाठी नवी यंत्रणा काढण्याची गरज नाही. सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सचिव असलेली ग्राम बाल संरक्षण समिती प्रत्येक गावात असावी, अशी महाराष्ट्रात व्यवस्था आहे. बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे. परंतु समितीचा फलक लावणे वेगळे आणि समिती बसणे वेगळे. कोणत्या घरी आधाराची गरज आहे, हे गावात तीन माणसांना आधी कळते: आशेला, अंगणवाडी सेविकेला आणि शिक्षकाला. ही तिघे महिन्यातून एकदा एका ठिकाणी बसली आणि नावे घेऊन बोलली, तरी समितीचे अर्धे काम झाले. मात्र ती नावे चावडीवरची कुजबुज होणार नाहीत, ही जबाबदारीही याच तिघांची.

आधाराची गरज असलेले प्रत्येक घर क्रूर असते असे नाही. धान निघाले, की या भागातील कितीतरी कुटुंबे मिरची तोडण्यासाठी तेलंगणाची वाट धरतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मेमध्ये तेंदूपत्ता. मूल बरोबर नेले तर शाळा सुटते. आजीपाशी ठेवले तर आजी आधीच थकलेली. ही हेळसांड आहे, पण तिचा आरोपी कोण? अशा घराला धाक घालून उपयोग नाही. गावातच हंगामी वसतिगृह वेळेवर उघडणे, रोजगार हमीचे काम धानकापणी संपण्यापूर्वी मंजूर होणे, हेच तेथे बालसंरक्षण ठरते. एकट्या राहिलेल्या आईला बालसंगोपन योजनेतून २०२३ पासून दरमहा २,२५० रुपयांची तरतूद आहे. ही गोष्ट तिला सांगणारा, अर्ज भरून देणारा आणि एका दाखल्यासाठी तिला चार खेपा घालायला न लावणारा कारकून हाही त्या मुलाचा रक्षकच आहे.

शिक्षकांचे स्थान तर याहून मोठे आहे. आश्रमशाळेतील मुलाला आई महिनोन् महिने दिसत नाही. त्याची भाषा माडिया किंवा गोंडी असते, शाळेची मराठी. दुखले-खुपले सांगायला त्याच्याजवळ शब्दही नसतात. जो शिक्षक त्या भाषेतले दहा-वीस शब्द शिकतो, त्याच्याजवळच ते मूल तोंड उघडते. लैंगिक अत्याचाराची माहिती कळूनही न कळविणे हा २०१२ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक हवे. तसेच १०९८ हा दूरध्वनी क्रमांक कार्यालयाच्या कपाटात नव्हे, मुलांना वाचता येईल अशा भिंतीवर हवा.

शहरात राहणाऱ्या सुशिक्षितांनी यातून काय घ्यावे? बंद दारामागचे दुःख वनवासी पाड्यापेक्षा चाळीत आणि सदनिकेत कमी असते, असा पुरावा नाही. तेथे आशा येत नाही, ग्रामसभा भरत नाही आणि शेजाऱ्याचे नावही पुष्कळदा माहीत नसते. पुढच्या वेळी भिंतीपलीकडून मुलाचे रडणे ऐकू आले, तर खिडकी लावण्यापूर्वी दार वाजवावे. ‘काही मदत हवी का?’ एवढे विचारण्याला कोणत्याही कायद्याची परवानगी लागत नाही.