सड्याचे व्यवस्थापन कसे करावे?

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मग येथे कोरड्या जमिनीच्या संवर्धनाची चर्चा कशाला, असे विद्यार्थी विचारतील. त्यांना मे महिन्यात जवळच्या सड्यावर न्यावे. जांभ्याच्या कातळावर माती जेमतेम बोटभर असते. चार महिन्यांतले पाणी बहुतांशी वाहून जाते आणि पुढे सडा तव्यासारखा तापतो. पहिल्या पावसानंतर मात्र याच कातळावर दीपकाडीची पांढरी फुले उमलतात. ही वनस्पती कोकणपट्टीचीच. तिच्यामागून दवबिंदू, सीतेची आसवे या कीटकभक्षी वनस्पती येतात.

आपण मात्र सड्याला 'पडीक' म्हणतो. मग सुरुंगाने कातळ फोडून आंब्याची कलमे लावणे किंवा वृक्षारोपण करणे, ही 'सुधारणा' ठरते.

येथे व्यवस्थापनशास्त्राची मदत होते. पीटर ड्रकर यांनी १९५४ साली मांडले की, आधी उद्दिष्ट ठरवावे आणि त्यावरूनच कामाचे मोजमाप करावे. मोजमाप चुकले तर काय होते? सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ साली माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे, शेतेही आली. क्षेत्राचा आकडा मोठा होता, पण पक्षी घटतच गेले. उघड्या गवताळ माळावर राहणाऱ्या या पक्ष्याला लावलेल्या झाडांचा उपयोग नव्हता.

दुसरी अडचण अशी की, निसर्गाबाबत आपले ज्ञान अपुरे असते. म्हणून हॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली सुचवले की, प्रत्येक निर्णय हा प्रयोग समजावा. परिणाम मोजावा आणि गरज पडल्यास निर्णय बदलावा.

शाळेला हे सहज करता येईल. मालकाच्या परवानगीने सड्यावर एक मीटर लांबी-रुंदीचे दहा चौकोन आखा. पाचांना काटेरी फांद्यांचे कुंपण घाला, पाच गुरांना मोकळे ठेवा. जून ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला वनस्पतींचे प्रकार मोजा. चराई बंद केल्याने फुले वाढतील की उंच गवत त्यांना झाकून टाकील? उत्तर आधीच गृहीत धरू नका. तीन-चार वर्षांच्या नोंदी हव्यात.

बहुतेक सडे खाजगी मालकीचे आहेत आणि मालकाला उत्पन्न हवे असते, हेही विसरून चालणार नाही. कोणता भाग बागेला द्यावा व कोणता राखावा, हे त्याच्याशी बोलूनच ठरेल. त्या वेळी आपल्या हाती नोंदवही असावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. एकदा फोडलेला कातळ पुन्हा जोडता येत नाही.